रोजच्या नैतिक पेचावर एखाद्या धर्माचं म्हणणं कसं शोधावं

पूर्वी तुमच्याबरोबर काम केलेल्या एका माणसाला कुणीतरी नोकरीवर घेऊ पाहतंय. "तो कसा आहे?" असं तुम्हाला विचारलं जातं. माणूस कामाला चोख, पण हिशेबात त्यानं एकदा गडबड केली होती आणि ती तुम्हाला ठाऊक आहे. सांगायचं की गप्प बसायचं?

यावर धर्म काय म्हणतो हे शोधायला गेलं की बहुतेकांच्या हाती सुवचनं लागतात. खरं बोला. कुणाची निंदा करू नका. दोन्ही उपदेश जवळपास सगळ्या धर्मांत आहेत, आणि इथं तेच दोन एकमेकांविरुद्ध उभे आहेत. सुवचनांची यादी कितीही वाढवली तरी पेच सुटत नाही. धर्मपरंपरांचं खरं काम सुवचन संपतं तिथून पुढे सुरू होतं: कुणी, कुणाला, किती, कोणत्या हेतूनं, कोणत्या अटींवर. शतकानुशतकं पंडितांनी डोकं खपवलंय ते या तपशिलांवर, आणि नेमकं तेच सहसा वाचलं जात नाही.

आधी प्रश्न नीट मांडा

"खोटं बोलणं पाप आहे का?" या प्रश्नाचं उत्तर कुठलाही धर्म एका शब्दात देईल आणि त्याचा तुम्हाला काही उपयोग होणार नाही. त्यापेक्षा कागदावर पाच गोष्टी लिहा. करणारा कोण आहे. समोरचा कोण आहे आणि त्याला ही माहिती मागायचा काय अधिकार. नुकसान कुणाचं आणि किती. तुम्हाला माहीत असलेली गोष्ट स्वतः पाहिलेली आहे की ऐकीव. आणि तुम्ही काहीच केलं नाही तर काय होईल.

पहिला मुद्दा सोडला की सर्वात जास्त घोटाळा होतो. जैन साधूची पाच महाव्रतं आणि श्रावकाची, म्हणजे जैन गृहस्थाची, पाच अणुव्रतं एकाच मूल्यांची आहेत, पण त्यांची मापं वेगळी. गृहस्थासाठी हिंसेचे चार प्रकार मानले आहेत: ठरवून केलेली संकल्पी, स्वयंपाक-झाडलोट अशा घरकामात होणारी आरंभी, उपजीविकेत होणारी उद्योगी आणि स्वसंरक्षणात होणारी विरोधी. संकल्पी हिंसा त्यानं पूर्ण सोडायची, बाकीच्या तीन होता होईल तितक्या कमी करायच्या. साधूला ही सवलत नाही. थेरवाद बौद्धांत भिक्खूला 227 नियम आहेत, उपासकाला पंचशील. हिंदू धर्मशास्त्रात सर्वांना लागू असलेला सामान्य धर्म, भूमिकेनुसार बदलणारा विशेष धर्म आणि संकटात तात्पुरती मुभा देणारा आपद्धर्म असे थर आहेत. भिक्खूचा नियम उचलून "बौद्ध धर्मात असं चालत नाही" म्हणणं किंवा आपद्धर्मातली मुभा उचलून "हिंदू धर्मात असं चालतं" म्हणणं, दोन्ही सारखंच चूक आहे.

मग त्या परंपरेची उत्तर देण्याची रीत ओळखा

इस्लामी न्यायशास्त्रात कृतीचे सर्वसाधारणपणे पाच दर्जे आहेत: फर्ज म्हणजे आवश्यक, मुस्तहब म्हणजे केलं तर पुण्य, मुबाह म्हणजे ना पुण्य ना पाप, मकरूह म्हणजे टाळलेलं बरं, आणि हराम. "इस्लाममध्ये चालतं का?" असा होय-नाही प्रश्न विचारला की मधले तीन दर्जे गळून पडतात. त्यामुळे उत्तर शोधताना दर्जा कोणता हे आधी पाहा, नंतर कुराण, हदीस (पैगंबरांची वचनं आणि आचार), इज्मा (विद्वानांचं एकमत) आणि कियास (साम्यावरून काढलेला निष्कर्ष) यांतला कोणता आधार दिलाय ते पाहा, आणि शेवटी ते उत्तर हनफी, मालिकी, शाफिई, हंबली या सुन्नी शाखांतलं की शिया जाफरी परंपरेतलं आहे ते पाहा. मुफ्तीचा, म्हणजे धर्मकायद्यावर सल्ला देणाऱ्या विद्वानाचा, फतवा हे मत असतं; काझीचा, म्हणजे न्यायाधीशाचा, निवाडा पक्षकारांवर बंधनकारक असतो. दोन्हींची गल्लत नेहमी होते.

यहुदी परंपरेत कायदा थराथरानं वाढला आहे. तोराह या मूळ धर्मग्रंथावर मिश्ना हा तोंडी परंपरेचा संग्रह, मिश्नावर तालमूद ही सविस्तर चर्चा, त्यावर नियमांच्या संहिता आणि मग रब्बींनी विशिष्ट प्रसंगांवर दिलेली लेखी उत्तरं. तालमुदात हरलेल्या पक्षाचं मतही जपून ठेवलेलं असतं, म्हणून तिथलं एखादं वाक्य सापडलं म्हणजे तो निर्णय झाला, असं नाही. योसेफ कारो यांची 16व्या शतकातली संहिता वाचायची तर मोझेस इसर्लिस यांच्या टिपांसह वाचावी, कारण कारो सेफार्दी, म्हणजे मुळात स्पेनकडच्या यहुद्यांचा, रिवाज सांगतात आणि इसर्लिस अश्केनाझी, म्हणजे मध्य व पूर्व युरोपातल्या यहुद्यांचा.

कॅथलिक विचारात कृती तीन बाजूंनी तपासतात: मुळात काय केलं, कोणत्या हेतूनं केलं आणि परिस्थिती काय होती. हेतू चांगला असला म्हणून मुळात वाईट असलेलं कृत्य चांगलं ठरत नाही. मेथडिस्ट पंथात पवित्र शास्त्र, परंपरा, बुद्धी आणि अनुभव अशा चार आधारांची भाषा रूढ आहे. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये नियमाची काटेकोर अंमलबजावणी, म्हणजे अक्रिबिया, आणि माणसाच्या भल्यासाठी ती सैल करणं, म्हणजे इकॉनॉमिया, हे दोन्ही मार्ग मान्य आहेत. कुठला वापरायचा ते धर्मगुरू त्या माणसाकडे पाहून ठरवतो. अशा परंपरेत एकाला मिळालेलं उत्तर दुसऱ्याला लावता येत नाही.

बौद्ध विश्लेषण चेतनेपासून, म्हणजे कृतीमागच्या हेतूपासून, सुरू होतं. खोटं बोलण्याचं शील मोडलं असं केव्हा म्हणायचं, याचे पाली अट्ठकथांत, म्हणजे जुन्या भाष्यांत, चार घटक दिले आहेत: गोष्ट असत्य असणं, फसवण्याचा हेतू, त्यासाठी केलेला प्रयत्न, आणि समोरच्याला ते कळणं. चुकून सांगितलेली खोटी माहिती इथं शीलभंगात बसत नाही. मनुस्मृतीनं धर्माची चार लक्षणं दिली आहेत: वेद, स्मृती, सदाचार आणि स्वतःच्या अंतःकरणाला पटणं. चौथं लक्षण शेवटी येतं, पण यादीत आहे, हे विसरू नये.

आता पेच सोडवून पाहा

सुरुवातीचा प्रश्न या रीतींतून नेला की फरक दिसायला लागतो.

यहुदी कायद्यात सर्वात मोठा धक्का हा की दुसऱ्याबद्दलची वाईट गोष्ट खरी असली तरी ती सांगणं निषिद्ध आहे. तिला लाशोन हारा म्हणतात. रब्बी इस्राएल मेइर कागान यांनी 1873 मध्ये या एकाच विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि बोलण्याची मुभा केव्हा मिळते याच्या सात अटी घातल्या. गोष्ट स्वतः पाहिलेली हवी. ती खरोखरच गैर आहे याचा नीट विचार झालेला हवा. आधी त्या माणसाला एकट्यात, सौम्यपणे समजावलेलं हवं. सांगताना तिखटमीठ लावायचं नाही. हेतू कुणाचं तरी भलं करण्याचा हवा, जुना राग काढण्याचा नाही. न बोलता तेच साधत असेल तर बोलायचं नाही. आणि तुमच्या बोलण्यानं त्याला न्याय्य असेल त्याहून जास्त शिक्षा होता कामा नये.

आपल्या उदाहरणाला लावायच्या तर सहावी अट सर्वात कामाची. "त्याला हिशेबाचं काम एकट्याकडे देऊ नका, दोन सह्या ठेवा" एवढ्यावर भागत असेल, तर जुना प्रसंग उगाळायचं कारण उरत नाही. लोक अडखळतात ते तिसऱ्या आणि पाचव्या अटीवर. तिसरी राहून गेलेली असते आणि पाचवीबद्दल स्वतःशी प्रामाणिक राहणं अवघड जातं.

इस्लाममध्ये पाठीमागे बोलण्याला गीबत म्हणतात. इमाम मुस्लिम या संकलकाच्या हदीससंग्रहात व्याख्या नेमकी आहे: आपल्या भावाबद्दल त्याला आवडणार नाही असं बोलणं, ते खरं असेल तर गीबत, खोटं असेल तर बुहतान. कुराणाच्या 49व्या सूरेत (अध्यायात) गीबतीची तुलना मेलेल्या भावाचं मांस खाण्याशी केली आहे. तरी 13व्या शतकातले विद्वान नववी यांनी सहा अपवाद मांडले: अन्यायाची तक्रार, वाईट थांबवण्यासाठी मदत मागणं, धार्मिक मत विचारणं, लोकांना सावध करणं, उघडपणे पाप करणाऱ्याच्या त्याच पापाबद्दल बोलणं, आणि एखाद्याची ओळख पटवणं. स्थळाबद्दल किंवा भागीदारीबद्दल सल्ला विचारला तर खरं सांगणं चौथ्या अपवादात येतं. आधार हदीसमधलाच. फातिमा बिन्त कैस यांनी लग्नासाठी आलेल्या दोन मागण्यांबद्दल सल्ला विचारला, तेव्हा पैगंबरांनी एक जण खांद्यावरची काठी खाली ठेवत नाही आणि दुसऱ्याजवळ पैसा नाही, असं स्पष्ट सांगितलं आणि तिसरं नाव सुचवलं. प्रश्नाला लागणारा तेवढाच दोष सांगितला, पुढे एक शब्द नाही. मर्यादा अशी पाळायची.

कॅथलिक धर्मशिकवणीच्या 1992 च्या ग्रंथात तीन दोष वेगळे केले आहेत: पुराव्याविना मनातल्या मनात दोषी ठरवणं, योग्य कारण नसताना खरा दोष उघड करणं, आणि खोटा आळ घेणं. पहिला बोलण्याच्याही आधीचा आहे, हे लक्षात ठेवण्यासारखं. शिवाय ज्याला सत्य जाणण्याचा हक्क नाही त्याला ते सांगायला कुणी बांधील नाही, असंही तिथं म्हटलंय. मालकाला हिशेबाबद्दल जाणण्याचा हक्क आहे, त्या माणसाच्या घरगुती भांडणाबद्दल नाही.

बुद्धवचनात मज्झिम निकाय या पाली सुत्तसंग्रहातल्या अभयराजकुमार सुत्ताची कसोटी वापरा: खरं आहे का, हिताचं आहे का, आणि ऐकायला गोड आहे की कडू. खरं पण अहितकारक असेल तर बोलायचं नाही, मग ते गोड असो वा कडू. खरं, हिताचं आणि कडू असेल तर वेळ पाहून बोलायचं. अंगुत्तर निकाय या दुसऱ्या संग्रहात पोतलिय नावाचा परिव्राजक म्हणतो की कुणाची स्तुतीही करू नये आणि निंदाही, हेच उत्तम. बुद्ध ते मान्य करत नाहीत. योग्य वेळी, वस्तुस्थितीला धरून, दोष असेल तिथं दोष आणि गुण असेल तिथं गुण सांगणारा श्रेष्ठ, असं ते म्हणतात. तटस्थ मौन हाच बौद्ध आदर्श, असा समज घेऊन बसलेल्यांनी हे सुत्त वाचावंच.

जैन परंपरेत अठरा पापस्थानांत खोटा आळ, चुगली आणि परनिंदा यांना स्वतंत्र जागा आहेत. तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथात सत्याणुव्रताचे अतिचार, म्हणजे व्रताला लागणारे दोष, दिले आहेत त्यात गुपित फोडणं आणि खोटे दस्तऐवज करणं येतं. म्हणजे त्या माणसाचं खोटं शिफारसपत्र लिहून देणंही दोषच. गीतेच्या 17व्या अध्यायात वाणीचं तप सांगितलंय ते चार गुणांचं: उद्वेग न करणारं, सत्य, प्रिय आणि हितकर. मनुस्मृतीत अप्रिय सत्य बोलू नये असं आहे, पण लगेच प्रिय असत्यही बोलू नये असं आहे. पहिलं अर्धं वाक्यच लोकांच्या तोंडी असतं. पूर्ण वचनाप्रमाणे त्या माणसाचं खोटं कौतुक करायची वाट बंद आहे. शीख गुरुबाणीत गुरू अमरदास कुणाचीही निंदा भली नाही असं सांगतात, आणि गुरू नानक सत्याहूनही सत्य आचरण वर ठेवतात.

इतक्या परंपरा एकत्र ठेवल्या की प्रत्यक्ष माहिती, स्वच्छ हेतू आणि गरजेपुरतं बोलणं या गोष्टी पुन्हा पुन्हा भेटतात. हे साम्य खरं आहे. पण ते पाहून "सगळे धर्म एकच सांगतात" असं म्हणायची घाई करू नये, कारण प्रश्न थोडा ताणला की वाटा फुटतात.

जीव घ्यायला आलेल्यांनी विचारलं, तो कुठं लपलाय? महाभारताच्या कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला कौशिक नावाच्या तपस्व्याची गोष्ट सांगतो. सत्यव्रतापायी त्यानं लुटारूंना पळालेल्या लोकांचा ठावठिकाणा खरा सांगितला, ते मारले गेले आणि कौशिक नरकात गेला. कृष्णाचा नियम दोन पायऱ्यांचा आहे: न बोलून सुटका होत असेल तर बोलूच नये, बोलणं भागच असेल किंवा गप्प राहिल्यानं संशय येत असेल, तर असत्य बोलणं श्रेयस्कर. संत ऑगस्टीन याच प्रसंगात दुसरी पायरी चढायला तयार नाहीत. ते थगास्तेचे बिशप फर्मस यांचं उदाहरण देतात. फर्मस यांनी एका माणसाला लपवलं होतं. मी खोटंही बोलणार नाही आणि त्याला पकडूनही देणार नाही, असं सांगून त्यांनी छळ सोसला. शेवटी सम्राटानं त्या लपलेल्या माणसाला माफी दिली. कृष्ण आणि ऑगस्टीन, दोघांनाही जीव वाचवायचाच आहे. असत्य हे साधन म्हणून कधी वापरता येतं का, यावर मात्र त्यांचं जमत नाही. आणि हा मतभेद धर्माधर्मांतच नाही, ख्रिस्ती परंपरेच्या आतही ऑगस्टीन यांच्याशी सगळे सहमत नाहीत.

सापडलेली वस्तू

इथं नियम इतके ठोस आहेत की सरावासाठी हा विषय उत्तम. मिश्नाच्या बाबा मेत्सिया भागात रस्त्यावर विखुरलेली सुटी नाणी सापडणाऱ्याची, पण थैलीतली नाणी जाहीर करायची. कारण थैलीला ओळखीची खूण असते, म्हणून मालकानं आशा सोडलेली नसते. खूण आणि आशा, या दोन कसोट्या. इस्लाममध्ये पिशवी आणि तिची दोरी नीट लक्षात ठेवायची आणि वर्षभर जाहीर करायचं. त्यानंतर शाफिई मताप्रमाणे सापडणारा ती वापरू शकतो, मालक आला तर भरपाई द्यायची. हनफी मताप्रमाणे तो स्वतः गरीब असेल तरच वापरायची, नाहीतर दान करायची. मनुस्मृतीत राजानं ती तीन वर्षं सांभाळायची आणि दावा करणाऱ्याला वस्तूचं रूप व संख्या विचारायची. जैन आणि बौद्ध शिकवणीत "न दिलेलं घेणं" हाच दोष, त्यामुळे मालक सापडेल का हा प्रश्न मागे पडतो.

किती द्यायचं

आकडे असलेल्या परंपरांत आकडा कशावर लावायचा, हे आधी पाहा. जकात 2.5 टक्के असते ती उत्पन्नावर नव्हे, तर एक चांद्रवर्ष जवळ राहिलेल्या संपत्तीवर, आणि तीही निसाबच्या, म्हणजे ठरवलेल्या किमान मर्यादेच्या, वर असेल तर. निसाब सोन्यात सुमारे 85 ग्रॅम किंवा चांदीत सुमारे 595 ग्रॅम धरतात; चांदीचं माप लावलं तर उंबरठा खूप खाली येतो आणि जास्त लोकांवर जकात लागू होते. चांद्रवर्ष 354 दिवसांचं असल्यानं सौरवर्षाप्रमाणे हिशेब ठेवणाऱ्यांनी दर 2.577 टक्के धरावा, नाहीतर दर वर्षी थोडी रक्कम कमी पडते. अंगावरच्या दागिन्यांवर हनफी मताप्रमाणे जकात आहे, इतर तीन सुन्नी मतांत सर्वसाधारणपणे नाही. जकात कुणाला द्यायची याचे आठ वर्ग कुराणाच्या 9व्या सूरेत आहेत. आईवडील आणि मुलं यांना ती देता येत नाही, कारण गरजेच्या वेळी त्यांना पोसणं हे आधीच कर्तव्य आहे. शियांत याशिवाय खुम्स असतो, वर्षाच्या खर्चानंतर उरलेल्या शिलकीचा पाचवा हिस्सा.

यहुदी रिवाजात दहावा हिस्सा देतात, पण पाचव्या हिश्श्याहून जास्त देऊ नये अशीही मर्यादा आहे, देणाऱ्यावरच मागायची वेळ येऊ नये म्हणून. मध्ययुगीन यहुदी पंडित मायमोनिडीस यांनी दानाच्या आठ पायऱ्या लावल्या. सर्वात वरची म्हणजे कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन माणसाला स्वतःच्या पायावर उभं करणं. शिखांचा दसवंध दहावा हिस्सा. गीतेत टक्का नाही. देश, काळ आणि पात्र पाहून, परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेलं दान सात्त्विक. ख्रिस्ती नव्या करारात पौलही आकडा देत नाही, मनात ठरवलं असेल तेवढं आणि आनंदानं द्यावं म्हणतो.

कुठं चुकतं

एका धर्माच्या ग्रंथाची दुसऱ्या धर्माच्या लोकांच्या वागण्याशी तुलना करणं ही सर्वात मोठी चूक. ग्रंथ ग्रंथाशी आणि आचार आचाराशी ताडून पाहावा. दुसरी चूक, एका शाखेचं मत पूर्ण धर्माचं मानणं. मांसाहाराचंच पाहा: पाली जीवक सुत्तात आपल्यासाठी मारल्याचं पाहिलं, ऐकलं किंवा संशय आला तर भिक्खूनं ते मांस घेऊ नये, एरवी घ्यावं, महायान पंथाच्या लंकावतार सूत्रात मांसाला स्पष्ट विरोध आहे. "बौद्ध मांस खातात का?" हा प्रश्नच त्यामुळे अपुरा पडतो.

काळ न पाहणं ही तिसरी. मध्ययुगीन चर्चनं 1179 च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेत उघड सावकारी करणाऱ्यांना बहिष्कृत केलं. पुढे प्रोटेस्टंट सुधारक कॅल्व्हिन यांनी मर्यादित व्याजाला वाट दिली. कोणत्या सालचं मत वाचतोय हे टिपून ठेवलं नाही तर दोन्ही "ख्रिस्ती मत" म्हणून समोर येतात आणि वाचणारा चक्रावतो.

आणि परवानगी म्हणजे प्रशंसा नव्हे. मिश्नात विकत घ्यायचं मनात नसताना दुकानदाराला भाव विचारू नये असं सांगितलंय. त्यात कुणाचा पैसा जात नाही, त्याला फुकाची आशा लागते एवढंच. कायद्याच्या पुस्तकांत अशा बारीक जागा असतात. त्या वगळून फक्त "चालतं का" एवढंच पाहणारा अर्धा धर्म मागे टाकून येतो.

चूक झालीच तर

उत्तर शोधताना हा शेवटचा भाग नेहमी विचारा: चुकीचं केलं तर निस्तरायचं कसं? मिश्नाच्या योमा भागाप्रमाणे माणसानं माणसाविरुद्ध केलेला अपराध प्रायश्चित्ताच्या दिवशीही धुतला जात नाही, आधी त्या माणसाची समजूत काढावी लागते. मायमोनिडीस पायऱ्या देतात: तो मानला नाही तर तीन मित्रांना घेऊन जा, असं तीनदा करा, तरीही नकार दिला तर सोडून द्या. मत्तयाच्या शुभवर्तमानात वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करून यायला सांगितलंय. इस्लामी तौबेत, म्हणजे पापापासून मागे फिरण्यात, पश्चात्ताप, पाप सोडणं आणि पुन्हा न करण्याचा निश्चय या तीन अटींना, दुसऱ्याचा हक्क मारला असेल तर तो परत करण्याची चौथी अट जोडली जाते. जैन लोक संवत्सरीला, म्हणजे क्षमायाचनेच्या वार्षिक दिवशी, सर्व जीवांची क्षमा मागतात.

पाठीमागे बोललेल्या शब्दांबाबत मात्र एक अडचण आहे. ज्याच्याबद्दल बोललो त्याला ते कळलेलंच नसेल, तर जाऊन सांगायचं का? रब्बी कागान यांच्या मते नुकसान झालं असेल तर त्याला सांगून क्षमा मागितलीच पाहिजे. त्यांच्याच काळातले रब्बी इस्राएल सलांटर यांनी यावर हरकत घेतली, असं परंपरेत सांगतात: स्वतःचं ओझं उतरवण्यासाठी दुसऱ्याला नवी जखम का द्यायची? अनेक इस्लामी विद्वानही त्याच बाजूनं झुकतात. कळलं नसेल तर सांगू नये, त्याच्यासाठी प्रार्थना करावी, आणि ज्या बैठकीत त्याला नावं ठेवली त्याच लोकांसमोर त्याच्यातलं खरोखर चांगलं असेल ते बोलावं.